आजोबांची मोटार नातवाच्या हाती देताना : विम्याचा विचार

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ज्या घरांनी दोन पिढ्यांपूर्वी मोटार घेतली, त्यांपैकी काहींच्या मळ्यातील शेडमध्ये ती अद्यापि उभी असते. कोठे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेली फियाट, कोठे उत्तरपाड्याहून आलेली ॲम्बॅसडर, तर कोठे महिंद्र कंपनीची जुनी पेट्रोल जीप. घरातील मुलगा बारावी होऊन फैजपूर, भुसावळ वा जळगावच्या महाविद्यालयात जाऊ लागला की, नवी गाडी घेण्याऐवजी हीच दुरुस्त करून त्याच्या हाती द्यावी, असा विचार घरात निघतो, आणि तो मला सर्वथा स्वागतार्ह वाटतो. कारण या गाड्यांची यंत्ररचना उघडी व सुबोध आहे, त्यांचा वेग मर्यादित आहे, आणि ज्या तरुणाने स्वतःच्या हाताने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग घासून बसवला, त्याच्या ठायी यंत्राविषयी जो आदर निर्माण होतो तो शोरूममधून किल्ली उचलणाऱ्यास सहसा लाभत नाही. परंतु या साऱ्या खटाटोपात विम्याचा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी, आणि तोही एजंटाच्या हवाली करून, निकालात काढला जातो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, हा क्रम बदलावा. गाडीवर रंगाचा पहिला हात फिरण्यापूर्वीच ती कोणाच्या नावे, कोणत्या वर्गात आणि किती किमतीची, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळवावीत. ती न मिळवता दुरुस्तीवर घातलेला पैसा आणि रस्त्यावर निघालेला मुलगा, दोघांनाही विम्याचा आधार असेलच असे नाही.

आधी वयाचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या चौथ्या कलमान्वये अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणासही सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा पन्नास सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरती आहे, तिचा मोटारीशी काहीएक संबंध नाही. शेतकरी घरांत यावर एक उत्तर तयार असते : मुलगा रस्त्यावर नेत नाही, मळ्यातल्या मळ्यात फिरवतो. ज्या जमिनीवर परक्या इसमास येण्याचा अधिकार नाही, तेथपर्यंत हे चालून जाईल; परंतु लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण ठरते, आणि म्हणून दोन शिवारांमधून जाणारी पाणंद ही कायद्याच्या दृष्टीने बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाइतकीच सार्वजनिक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात घातलेले १९९-अ हे कलम तर प्रत्येक पालकाने एकदा स्वस्थपणे वाचावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना अपराध केला तर त्याचा पालक अथवा गाडीचा मालक अपराधी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपणांस हे ठाऊक नव्हते, असे म्हणणाऱ्या पालकाने ते स्वतः सिद्ध करावयाचे असते. न्यायालय गृहीत धरून चालते ते याच्या उलट.

विम्याच्या अंगाने याचा परिणाम अधिक खोलवर जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात जी तत्त्वे घालून दिली त्यांनुसार, चालकाजवळ लायसन्स नसले तरी अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइतास कंपनीने भरपाई द्यावी आणि मालकाने अटीचा भंग केल्याचे शाबीत झाल्यास ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग रूढ झाला. आणि ही वसुली न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. हप्ता वेळेवर भरला, विमापत्र कपाटात आहे, आणि तरीही लाखोंच्या भरपाईचा बोजा सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला, ही आपत्ती केवळ मुलाचे वय काही महिन्यांनी कमी असल्यामुळे ओढवू शकते. म्हणून अठरावा वाढदिवस होऊ द्यावा, शिकाऊ लायसन्स काढावे, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा द्यावी. शिकाऊ लायसन्सवर असतानाही विमापत्रातील चालकविषयक कलम त्याला संरक्षण देते, मात्र शेजारी पक्के लायसन्स असलेली व शिकवणारी व्यक्ती, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेली हवी आणि पुढेमागे 'एल' अक्षराची पाटी हवी. या दोहोंपैकी एक जरी नसले तरी तो महिनाभराचा सराव विम्याविनाच झाला असे समजावे.

आता गाडीच्या वर्गाविषयी, कारण येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आपण ज्या गाडीला कौतुकाने 'क्लासिक' म्हणतो तिला आपल्या मोटार वाहन नियमांत त्या नावाचे वेगळे स्थान नाही. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकाने व्हिंटेज गाडी मानली ती ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली. अशा गाडीस स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पंचवीस टक्के सूट आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उभयपक्षी ठरलेल्या किमतीचे विमापत्र मिळण्याची सोय होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून निराळी व्याख्या केली : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी अथवा चारचाकी. तिला नोंदणी क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते व ती दहा वर्षे चालते. शिवाय १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी मोटारीचा तृतीय पक्षाचा हप्ता निम्मा केलेला आहे.

निम्म्या हप्त्याचा हा मोह तरुण चालकाच्या घराने कटाक्षाने टाळावा. 'व्ही.ए.' नोंदणीची गाडी नित्याच्या प्रवासास वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, तसेच इंधन व दुरुस्ती एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणावयाची असते. रावेरहून रोज सकाळी फैजपूरला महाविद्यालयात जाणे यांपैकी कोणत्याही कारणात बसत नाही, आणि नोंदणीच्या अटीविरुद्ध चाललेल्या गाडीचा अपघात झाल्यास कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे आयते कारण मिळते. १९७० ची फियाट संग्रहात ठेवून वर्षातून एकदोन रॅलींना न्यावयाची असेल तर ही नोंदणी अवश्य करावी. मुलाच्या रोजच्या उपयोगाची असेल तर सामान्य खाजगी मोटार म्हणूनच तिची नोंदणी राखावी. ऐंशीच्या दशकातील पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर तर या दोन्ही व्याख्यांच्या बाहेर राहते. आपल्या मनात तिचे मोल काहीही असो, कागदोपत्री ती केवळ एक जुनी मोटार आहे, आणि पुढचे सारे विवेचन मुख्यतः तिच्याचविषयी आहे.

नावाचा प्रश्न खानदेशात सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. शेतीच्या फेरफाराविषयी जी माणसे अत्यंत दक्ष असतात, तीच माणसे मोटार दिवंगत आजोबांच्या नावे वर्षानुवर्षे राहू देतात. एजंट दरसाल जुन्याच नावाने हप्ता भरून पावती आणून देतो, आणि सर्वांचे समाधान होते. हे समाधान फसवे आहे. विमाधारक मरण पावल्यास विमापत्र मृत्यूच्या दिवसापासून तीन महिने किंवा त्याची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तेथपर्यंतच जिवंत राहते, आणि तेवढ्या अवधीत वारसाने ते आपल्या नावे करून घ्यावे अशी अपेक्षा असते. नोंदणीच्या बाबतीतही वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास मृत्यू कळवावा आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे. मृत माणसाच्या नावे त्यानंतर काढलेल्या विमापत्रावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा टिकवणे फार कठीण जाते, कारण ज्याच्याशी करार झाला असे कागद म्हणतो तो करार करावयास हयातच नव्हता. तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र आणि मूळ नोंदणीपुस्तक घेऊन जळगावच्या परिवहन कार्यालयात आधी नाव बदलून घ्यावे. आजोबा हयात असतील तर काम पुष्कळ सोपे आहे : नमुना २९ व ३० भरून गाडी आजच हस्तांतरित करावी, अथवा निदान नोंदणीपुस्तकात नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नातवाचे किंवा नातीचे नाव घालावे, ज्याची सोय २०२१ पासून झालेली आहे.

अर्जावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने उतरवलेला ठसा लावावा लागतो. जुन्या गाडीत हे काम मुलाकडूनच करवून घ्यावे. बॉनेट उघडून क्रमांकाच्या पत्र्यावरील तेल व गंज रॉकेलच्या बोळ्याने हलकेच पुसावा, सँडपेपर मुळीच लावू नये, कारण घासून पुसट झालेला आकडा पुढे मोठा उपद्व्याप निर्माण करतो; मग त्यावर पातळ कागद ताणून धरून पेन्सिल आडवी फिरवली की अंक एकेक करून उमटत जातात. तो ठसा नोंदणीपुस्तकाशी अंकागणिक ताडून पाहावा. इंजिनाच्या क्रमांकाचेही तसेच. मधल्या काळात कोणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले असेल, किंवा गॅसचा संच लावला असेल, आणि त्याची नोंद पुस्तकात नसेल, तर विम्याच्या प्रस्तावापूर्वी ती करून घेणे अपरिहार्य आहे. गॅसच्या संचाचा उल्लेख विमापत्रातही स्वतंत्रपणे व्हावा लागतो. तो लपवला आणि गाडीस आग लागली तर भरपाईची आशा धरू नये.

गाडी हद्दीपलीकडून, म्हणजे बऱ्हाणपुराकडून, घेतलेली असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आधी हाती घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत. आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली गाडी तपासणी, पासिंग, पर्यावरण कर, पी.यू.सी. व नवी सुरक्षा नंबरप्लेट यांतून पार पडल्यावरच रस्त्यावर येऊ शकते; यातील शुल्के वेळोवेळी बदलतात, म्हणून ती कार्यालयातच विचारावीत. एवढे मात्र ध्यानी असावे की, दिल्लीतील दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या ऐकून महाराष्ट्रातील धडधाकट गाडी भंगारात घालण्याचे कारण नाही.

यानंतर विमापत्राच्या प्रकाराकडे वळू. कायद्याने सक्तीचा आहे तो केवळ तृतीय पक्षाचा विमा, आणि त्याचा दर सरकारच ठरवते. १ जून २०२२ च्या दरांनुसार हजार सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीस ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता आहे, वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सी.सी.चे आणि जुन्या ॲम्बॅसडरचे १,४८९ सी.सी.चे, म्हणून दोन्ही मधल्या वर्गात बसतात व कर धरून हप्ता चार हजारांच्या घरात जातो. विलीज इंजिनाची जीप मात्र २,१९९ सी.सी.ची असल्याने तिला वरचा दर लागतो. या विम्यात तिऱ्हाइताच्या मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईस मर्यादा नाही, त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस साडेसात लाखांपर्यंत संरक्षण आहे. शंभर रुपये वाचवण्यासाठी ही साडेसात लाखांची मर्यादा सहा हजारांवर आणण्याची सवलत कोणी सुचवील. ती घेऊ नये.

परंतु या विम्यात काय येत नाही, हे तरुण चालकाच्या घराने विशेषेकरून जाणले पाहिजे. मे-जूनच्या ज्या वादळात केळीचे बाग आडवे होतात त्याच वादळात शेडवर झाड पडून गाडी चेंगरली, तर यातून छदामही मिळत नाही. गाडीत बसलेले महाविद्यालयातील मित्र केवळ सक्तीच्या विम्यात संरक्षित नसतात. त्यांच्यासाठी सर्वसमावेशक विमापत्र, अथवा प्रवाशांचा अपघात विमा, घ्यावा लागतो. आणि गाडी वडिलांच्या नावे असून मुलाच्याच चुकीने अपघात होऊन त्याला दुखापत झाली, तर तो मालकाच्या जागी उभा असल्याचे मानले जाते व तृतीय पक्ष म्हणून त्यास काही मागता येत नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो तो नोंदलेल्या मालकापुरता, आणि त्याच्याजवळ लायसन्स असेल तरच. यावरून माझे मत असे बनले आहे की, मुलगा सज्ञान झाला व त्यास पक्के लायसन्स मिळाले की रोजच्या वापराची गाडी त्याच्याच नावे करावी, म्हणजे हे पंधरा लाखांचे छत्र त्याच्या डोक्यावर येईल. वडिलांच्याच नावे ठेवावयाची असेल तर मुलाचे नाव घालून स्वतंत्र अपघात विमा जोडावा. खाजगी मोटारीत तो दोन लाखांपर्यंतच मिळतो, म्हणून त्याखेरीज बाहेर एखादा मोठा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला बरा.

सर्वसमावेशक विम्यात कळीचा मुद्दा येतो तो किमतीचा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा-किंमत ठरीव घसाऱ्याने काढतात. त्याहून जुन्या, आणि कारखान्याने बंद केलेल्या, गाडीची किंमत कंपनी व विमाधारक यांच्या परस्पर सहमतीने ठरवावी असे दरपत्रकाचे सूत्र आहे. या सहमतीचा अर्थ पुष्कळदा असा होतो की, कार्यालयातील कारकून संगणकात एक लहानसा आकडा घालतो आणि आपण सही करतो. समजा, दुरुस्तीवर अडीच लाख रुपये खर्च झाले आणि विमापत्रात किंमत लिहिली साठ हजार. दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाल्याचे धरतात, म्हणजे पंचेचाळीस हजारांहून अधिक खर्चाची एक धडक बसली की साठ हजारांच्या आत हिशेब मिटतो. उलट लहान धडक असेल तर दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर पन्नास टक्के, रबर, टायर, बॅटरीवरही पन्नास टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा नाही आणि मजुरीवरही नाही. शिवाय दीड हजार सी.सी.पर्यंत एक हजार व त्यावर दोन हजार रुपयांची सक्तीची वजावट. घसारा माफ करणारे जोडविमे कंपन्या बहुधा नव्या गाड्यांनाच देतात, आणि कित्येक कंपन्या इतक्या जुन्या गाडीचा सर्वसमावेशक विमा घेण्यासच नाखूष असतात. तेव्हा चार सरकारी कंपन्यांच्या जळगाव-भुसावळकडील कार्यालयांत स्वतः जाऊन लेखी विचारणा करावी, दूरध्वनीवरील नकार अंतिम मानू नये.

किंमत वाढवून मागावयाची तर पुरावा हवा. हवामानाधारित फळपीक विम्याचे तपमानाचे निकष जितक्या बारकाईने आपल्या गावांत वाचले जातात तितक्याच बारकाईने हे दप्तर तयार करावे : दुरुस्तीपूर्वीची, चालू असतानाची व नंतरची, चारही बाजूंची, इंजिनाची आणि आतल्या भागाची तारीखवार छायाचित्रे, प्रत्येक सुट्या भागाची कराची पावती, आणि भंगारबाजारातून घेतलेल्या भागाचीही विक्रेत्याच्या सहीची चिठ्ठी, पत्रेकाम व रंगकाम करणाऱ्या कारागिराचे बिल, आणि शेवटी परवानाधारक सर्व्हेअरकडून घेतलेला मूल्यांकनाचा अहवाल. हे सर्व प्रस्तावासोबत जोडून कंपनीकडून पोच घ्यावी. इतके करूनही योग्य किंमत मान्य होत नसेल तर वाढीव हप्ता भरण्यापेक्षा तृतीय पक्षाबरोबर आग व चोरी एवढ्याच जोखमींचा मर्यादित विमा मिळतो का, ते विचारावे. शेडमध्येच अधिक काळ उभ्या राहणाऱ्या गाडीस तो पुरेसा ठरतो. वर्षाकाठी थोडीच धावणारी गाडी असेल तर वापरानुसार हप्त्याचा जोडविमाही आहे; विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये त्यास मुभा दिली.

ब्रिटन-अमेरिकेत अठरा-एकोणीस वर्षांच्या चालकास विम्याचा हप्ता इतका जबर पडतो की त्या आकड्यानेच घरातले लोक सावध होतात, आणि जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या तेथील कित्येक कंपन्या इतक्या तरुणास घेतच नाहीत. आपल्याकडे तृतीय पक्षाचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो, चालकाचे वय त्यात येतच नाही. म्हणजे सावधगिरीची सूचना हप्त्यातून मिळत नाही, ती घरातूनच द्यावी लागते. पद्मिनीस चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हवेच्या उशा नाहीत, आणि पुढच्या आसनांना पट्टे सक्तीचे झाले ते १९९४ मध्ये, म्हणून त्यापूर्वीच्या गाडीत ते असतीलच असे नाही. पट्टे बसवून घ्यावेत, ब्रेकचे तेल व रबरी नळ्या नव्या घालाव्यात. पंचेचाळीस अंशांच्या आपल्या उन्हाळ्यात जुने रबर पाहता पाहता तडकते. केळीच्या हंगामात ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, तेव्हा पहिले वर्षभर दिवेलागणीनंतर गाडी बाहेर काढू नये, असा नियम घरातच करावा.

दुर्दैवाने अपघात झालाच तर पोलीस व कंपनी यांस तत्काळ कळवावे, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडू नये, आणि चालक कोण होता याविषयी एक अक्षरही खोटे लिहू नये. मुलगा चालवत असताना वडील चालवत होते असे लिहिण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या एका वाक्याने खरा दावाही बुडतो. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी, तेथे दखल न घेतल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही व वकीलही लागत नाही. रावेर-यावलच्या ज्या घरांत अशी मोटार उभी असेल त्यांनी आज एवढे करावे : नोंदणीपुस्तक काढून त्यावर नाव कोणाचे आहे आणि मुदत कोणत्या तारखेस संपते, हे पाहावे, आणि ते नाव हयात माणसाचे नसेल तर येत्या आठवड्यात जळगाव गाठावे.